टपकर

लग्नघरी वऱ्हाड उतरलं की बाकीचे लोक चहा कुठे मिळतोय ते बघतात. टपकर गादी मोजतात. खिशातून पिवळी टेप काढायची, तिचं पत्र्याचं टोक गादीच्या कडेला अडकवायचं आणि खोलीत जो कोणी असेल त्याला आकडा ऐकवायचा. "एकशे बावीस सेंटीमीटर! दोघांना रग्गड झाली." मागच्या लग्नात वधूचे मामा घाबरून धावत आले, गादी बदलून देऊ का म्हणाले. त्यांना कोण सांगणार, की पाहुण्यांना गादी नकोय, तंबू हवाय, आणि तोही गाडीच्या टपावरचा.

तुमच्याही ओळखीत एक टपकर असणारच. तंबूच्या जागी त्याची दुर्बीण असेल, नाहीतर गिअरची सायकल. वस्तू त्याने घेतलेली नसते, घेणार असतो. आणि ज्यांनी घेतली त्यांच्या चुका काढायचा हक्क त्याने राखून ठेवलेला असतो. आमचे टपकर (हे नाव सोसायटीने दिलेलं, खरं आडनाव आता पोस्टमनलाच ठाऊक) कोथरूडला राहतात, सरकारी खात्यातून निवृत्त झालेत आणि चार मीटरच्या आतली एक उंच गाडी बाळगून आहेत. गाडी रोज पुसली जाते. टप दोनदा.

परवा सत्यनारायणाचा प्रसाद घ्यायला गेलो, तर त्यांनी मला बाल्कनीत गाठलं. "गाडीच्या टपावर किती वजन चालतं, सांगा." तोंडात शिरा होता, त्याचा फायदा घेऊन मी गप्प राहिलो. "आधी मला उलटं विचारा, की चालत्या गाडीच्या का उभ्या गाडीच्या?" मॅन्युअलमध्ये छापलेला आकडा चालत्या गाडीचा असतो. खड्डे, वळणं, ब्रेक, सगळ्यांचे हिसके टपाला सोसावे लागतात, म्हणून तो इतका कमी. गाडी उभी राहिली की तोच टप कितीतरी पट भार तोलतो. म्हणून तर माणसं वर झोपू शकतात. तेव्हा तंबू निवडताना त्या आकड्यात माणसांचं वजन धरायचं नाही, तंबूचं धरायचं. शिवाय कॅरियरची ताकद वेगळी, टपाची वेगळी, आणि दोन्हींत जी कमी ती खरी.

हे सगळं बिनचूक आहे. त्रास एवढाच, की टपकरांनी त्यावरून जगाचीच वाटणी केली आहे. शेजारच्यांचा नवा जावई कसा वाटला विचारलं, तर म्हणाले, "उभ्या गाडीत बरा दिसतोय. चालत्या गाडीत बघू."

सध्या ते लहान तंबूच्या पक्षात आहेत, आणि पक्षात म्हणजे प्रचारासकट. उघडल्यावर चार फूट रुंद, आठ फूट लांब, वजन पन्नासेक किलो. चौघांचा म्हटला की ऐंशीच्या घरात जातो, टप कुरकुरतो, वारा अडतो, पेट्रोल जास्त लागतं. लहान तंबू दोघांनी मिळून टपावर चढवता येतो, मोठ्याला चार माणसं लागतात. "आणि या सोसायटीत चौघं एकाच कामाला खांदा देतात," हे वर. घडीचा कापडी घ्यायचा की टणक कवचाचा, यावर तर त्यांनी एकदा लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं. कवचाचा झटक्यात उघडतो, पण मिटल्यावरही तेवढाच लांब राहतो, अख्खा टप खातो. कापडी पुस्तकासारखा उलगडतो आणि त्याचा अर्धा भाग गाडीबाहेर शिडीच्या आधारावर राहतो. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या आजी होत्या. त्यांनी कापडीला मत दिलं.

मग पार्किंगचं प्रकरण. आमच्या तळघरातल्या तुळईवर २.१ मीटर असं रंगवलेलं आहे. टपकरांचा त्या रंगाऱ्यावर विश्वास नाही. गाडीची उंची अधिक कॅरियर अधिक मिटलेला तंबू अशी बेरीज करून ते एका रात्री प्लास्टिकच्या खुर्चीवर चढले आणि टेप तुळईला भिडवली. वॉचमनने शिट्टी मारली. तुळई पावणेदोन सेंटीमीटर जास्त निघाली, त्या आनंदात त्यांनी वॉचमनलाच टेपेचं दुसरं टोक धरायला लावलं. पाठोपाठ सेक्रेटरींकडे अर्ज गेला: पावसाळ्यात तंबू उतरवून टांगून ठेवण्यासाठी तुळईला हूक मारू द्यावा. सेक्रेटरी म्हणाले, गणपतीच्या मखरालासुद्धा आम्ही हूक मारू देत नाही.

ही टेप कुठेही निघते. दवाखान्यात कुणाला भेटायला गेले की खाट मोजतात; पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला "जरा सरकता का" म्हणालेले मी ऐकलंय. रेल्वेची बर्थ, दातांच्या डॉक्टरांची खुर्ची, कीर्तनाला अंथरलेली सतरंजी, काही सुटलेलं नाही. सोसायटीची सहल पवना धरणावर गेली होती. तिथे पाण्याकाठी भाड्याच्या तंबूंच्या रांगा असतात. लोक शेकोटीजवळ गाणी म्हणत होते आणि टपकर वाकून एकेका तंबूत शिरत होते. एकात नवं जोडपं होतं. टपकरांनी माफी मागितली, पण आकडा घेऊनच बाहेर आले.

इतका लहान कशाला, असं कुणी म्हणालंच तर फोनवरचा एक फोटो पुढे येतो. पूर्व जर्मनीतली ट्राबांट आणि तिच्या टपावर तंबू. दोन सिलिंडरची, २६ अश्वशक्तीची इवलीशी गाडी. सत्तरच्या दशकात तिथली माणसं टपावर असा तंबू बांधून सुट्टीला निघायची, पार हंगेरीतल्या बालाटोन तलावापर्यंत. "आणि तुम्हाला पवनेला जायला बंगला हवा!" हा फोटो त्यांनी सोसायटीत प्रत्येकाला दाखवलाय. एका मोटारींच्या संग्रहालयात काढलेला दिसतो. कोणी पाठवला, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही.

तर त्या सत्यनारायणाच्या दिवशी टपकर पाहुण्यांना पोचवायला खाली गेले आणि वहिनींनी मला कपाटावरची डायरी काढून द्यायला सांगितली. गुरुजींचा नंबर त्यात होता. डायरी बँकेची, जुनी. नंबर शोधताना मला भलतीच पानं लागली. दर पाडव्याला घेतलेली घरातल्यांच्या खांद्यांची मापं, इंचात, चार रकाने आखून. पहिल्या पानावर: मी १९, सौ. १६, थोरली ११, धाकटा ९. बेरीज ५५, म्हणजे १४० सेंटीमीटर. खाली लिहिलेलं, 'मधला तंबू.' त्या साली त्यांच्याकडे स्कूटर होती.

पुढे पानापानाला पोरं रुंद होत गेली. थोरली १५, धाकटा १७, बेरीज ६७, आणि त्याखाली दोन रेघा मारून 'मोठाच घेणे.' त्यानंतरच्या पाडव्याला थोरलीच्या रकान्यात इंच नव्हते. तिथे लिहिलं होतं, 'लाइपझिग.' आणखी काही पानांनी धाकट्याच्या रकान्यात 'बंगळूर.' बेरीज ३५. 'लहान पुरे.' पेट्रोल, वारा, टपाची ताकद, तुळई, यांतलं एक अक्षर त्या डायरीत नव्हतं.

ट्राबांटचा फोटो कुठून आला, ते मग मी विचारलं नाही.

टपकर वर आले, माझ्या हातात डायरी पाहिली आणि मुळीच ओशाळले नाहीत. मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "घ्या की मोठा. दिवाळीत मुलं येतील."

"विचारलं दोघांना. हॉटेल बुक करून ठेवा म्हणाले. गरम पाणी बघा म्हणाले."

"आणि मला यात धरू नका," वहिनी आतून म्हणाल्या. "मी त्या शिडीवर चढायची नाही. रात्री उतरायचं झालं तर? गुडघे माझे आहेत."

टपकरांनी सोळाच्या आकड्याकडे पाहिलं, पेन्सिल उचलली, परत ठेवली. मग माझ्या मागे आले. पाठीला थंडगार पत्रा लागला तेव्हा मला कळलं काय चाललंय ते.

"साडेअठरा," टपकर म्हणाले. "एकशे वीसमध्ये आरामात बसू. घोरता का?"

"घोरतो," मी ठणकावून सांगितलं. "बायको दुसऱ्या खोलीत झोपते."

त्यांनी तेही लिहून घेतलं. "हरकत नाही. ते उभ्या गाडीतलं आहे."