मांजरांचे मोजणीकाका

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीत पिल्लं सापडू लागतात. कुणाला स्कूटरखाली, कुणाला मीटर-रूममध्ये, कुणाला थेट गाडीच्या बॉनेटमध्ये. ज्यांच्याकडे मांजर नाही ते ‘अगं बाई’ म्हणून पुढं जातात. ज्यांच्या घरात आधीच एक ठणठणीत मांजर आहे, नेमक्या त्यांच्याच पोटात माया कालवते. ‘आमच्या राणीला सोबत होईल’ असं म्हणत ते पिल्लू टॉवेलात गुंडाळून वर नेतात, राणीच्या पुढ्यात ठेवतात आणि मोबाईल रोखून उभे राहतात. मिनिटाभरात राणी कपाटावर, पिल्लू फ्रीजमागं आणि यजमान डेटॉल शोधत फिरत असतात. मग कुणीतरी म्हणतं, “मोजणीकाकांना बोलवा.”

प्रत्येक सोसायटीत असा एक निवृत्त गृहस्थ असतोच, ज्याच्याकडे वेळ भरपूर, आवाज खणखणीत आणि एका विषयात शंकेला जागा नाही. कुठं तो विषय पाण्याची टाकी असतो, कुठं पत्रिका. आमच्याकडे मांजरं आहेत. काका भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात पाच मीटरची टेप. स्वतःच्या घरी मांजर नाही. “फिस्कारायला घरात एक माणूस आहे, तेवढं पुरे,” असं ते म्हणतात, आणि काकूंना बरोबर ऐकू जाईल इतक्याच हळू म्हणतात.

काका आले की मांजराकडं बघतसुद्धा नाहीत. पहिला प्रश्न, “मूळ कब्जा कुणाचा?”

“राणीचा. चार वर्षं झाली.”

“आणि वहिवाट?”

मग राणी सकाळी कुठल्या खिडकीत बसते, तिथून सोफ्यावर कशी उतरते, ओट्याकडं कुठल्या बाजूनं जाते, हे सगळं लाइटबिलाच्या पाठीवर उतरवलं जातं. चतुःसीमा लिहिल्या जातात: उत्तरेस स्वयंपाकघर, दक्षिणेस गॅलरी, पूर्वेस टीव्ही, पश्चिमेस सासूबाई. पिल्लाची नोंद ‘अतिक्रमण’ अशी होते. ते बिचारं मूठभर असतं, डोळ्यांचा निळा रंगही अजून गेलेला नसतो, पण काका वयाची सवलत देत नाहीत.

पिल्लाची रवानगी दुसऱ्या खोलीत, दार बंद. याला काकांकडं दोन कारणं आहेत. एक डॉक्टरांचं. रस्त्यावरच्या पिल्लाबरोबर पिसवा येतात, जंत येतात, आणि पॅनल्युकोपेनिया नावाचा भयंकर आजारही येऊ शकतो. त्याचा विषाणू कुत्र्यांच्या पार्व्होच्या भावकीतला. हातांवरून, चपलांवरून घरभर फिरतो. म्हणून आधी तपासणी, वेळापत्रकाप्रमाणं लस, आणि तोवर या खोलीतून त्या खोलीत जाताना हात धुवायचे. दुसरं कारण काकांचं स्वतःचं. “फेरफाराची नोंद करायची तर हरकतीला १५ दिवसांची मुदत द्यावी लागते. माणसाला मुदत, आणि मांजरीला नको?”

त्यानंतर नोटीस बजावतात. हा कार्यक्रम बघण्यासारखा असतो. काका घरातल्या कुणाचा तरी धुतलेला मोजा मागतात, तो पिल्लाच्या गालांवरून हलक्या हातानं फिरवतात, कारण मांजरांच्या गालांत वासाच्या ग्रंथी असतात, आणि मग तो मोजा राणीपासून चार हातांवर ठेवून देतात. राणी येते. मान लांब करते. हुंगते. आणि एकदम तोंड अर्धवट उघडं टाकून, वरचा ओठ आक्रसून, शून्यात बघत उभी राहते. घरातल्यांना वाटतं, हिला काहीतरी झालं. काका हात वर करून सगळ्यांना गप्प करतात. “वाचतेय.” हे ते खोटं बोलत नाहीत. मांजराच्या टाळूत वासासाठी एक वेगळंच इंद्रिय असतं, आणि तोंड तसं उघडून ती वास तिथवर पोचवते. वाचून झाल्यावर राणी मोज्यावर फिस्कारते आणि पाठ फिरवून निघून जाते. “छान!” काका खूश होतात. “हरकत नोंदवली. आता तिच्या अंगाला पुसलेला मोजा तिकडं द्या. प्रतिवादीलाही प्रत मिळाली पाहिजे.”

पुढचे दिवस बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवणं. सुरुवातीला राणीची वाटी दारापासून लांब, मग रोज थोडी थोडी पुढं, टेपनं मोजून. राणी जेवता जेवता थांबली, कान मागं पाडले, की वाटी परत कालच्या खुणेवर. खुणा खडूच्या असतात आणि त्या पुसल्याबद्दल दोन मोलकरणींना काकांची बोलणी खावी लागली आहेत. त्यातली एक काम सोडून गेली. मांजरं जुळली, पण घरातली बाई तीन आठवडे भांडी घासत होती.

मला काका कधीकधी असह्य होतात. गोजिरवाण्या पिल्लाला ‘सदर इसम’ म्हणणारा माणूस कितीसा सोसावा! पण त्यांचं मूळ म्हणणं खोडता येत नाही. घरच्यांना हवी असते मैत्री. थोरलीला तर दोघं एकमेकांच्या गळ्यात पंजे टाकून झोपल्याचं रील हवं असतं, तेही रविवारच्या आत. काका म्हणतात, मांजराचे पूर्वज रानात एकेकटे शिकार करणारे, आणि शिकार केवढी, तर उंदराएवढी. एका उंदरात वाटणी कसली करणार? “प्रेम व्हायचं तेव्हा होईल, नाही तर नाही होणार. आपलं काम हद्द कायम करून देण्याचं.” म्हणून दोन मांजरांना मातीचे ट्रे तीन, खाण्याच्या जागा वेगळ्या, आणि एकीला दुसरीच्या समोरून न जाता निसटता येईल असा रस्ता. ५४० चौरस फुटांच्या घरात, म्हणजे जेमतेम अर्ध्या गुंठ्यात, तीन ट्रे ऐकून यजमान खचतात. तेव्हा काका कपाटाच्या माथ्याकडं बोट दाखवतात. “वर बघा. केवढं क्षेत्र पडीक आहे! सातबाऱ्यात उंची धरत नाहीत, मांजर धरतं.”

दार उघडण्याचा दिवस आला की काका जातीनं हजर. मधे आधी जाळी. फिस्कारणं चालेल, गुरगुरणंही चालेल, शेपटी बाटली धुण्याच्या ब्रशासारखी फुगली की तारीख पुढची. पाच मिनिटं, दोरीला बांधलेलं पीस हलवून खेळ, आणि कुणी कुणावर धावून जायच्या आत सुनावणी तहकूब. या वेळी काकांच्या चेहऱ्यावर जी कोवळीक येते ती इतर वेळी दिसत नाही. त्यांचं गावाकडं बांधावरून धाकट्या भावाशी बोलणं बंद आहे, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं मोज्याची अदलाबदल कुणी केली नाही, एवढंच.

काकांची सगळीच प्रकरणं निकाली निघाली असं नाही. सी विंगच्या चौथ्या मजल्यावर सगळं यथासांग झालं: लस, मोजे, वाट्या, जाळी. पिल्लू घरात रुळलं, गुबगुबीत झालं, सोफ्यावर उताणं झोपू लागलं. आणि तिथली मूळ कब्जेदार, पांढरी ठकू, एका दुपारी दाराच्या फटीतून उतरून दुसऱ्या मजल्यावरच्या पेन्शनर बाईंकडं गेली ती गेलीच. आता ती तिथंच जेवते, तिथंच झोपते. लसीचं कार्ड अजून चौथ्या मजल्याच्या नावावर आहे आणि डॉक्टरांचं बिलही तेच भरतात. काकांना याचं वाईट वाटत असेल म्हणून मी विषय काढला, तर त्यांनी टेपची पट्टी सर्रकन आत ओढून घेतली. “त्यात काय विशेष? कब्जा एकाकडं, नोंद दुसऱ्याच्या नावावर. निम्मा महाराष्ट्र असाच चालू आहे.”