उरलेले 33 किलो : जुन्या राइस मिलमधल्या नव्या कल्पकासाठी प्राथमिक धडे

अभिनंदन. नागपुरातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन तुम्ही गोंदियाकडच्या गोरेगावच्या एका जुन्या राइस मिलमध्ये लागलात. ऑफिसात शेठजींच्या आजोबांचा फोटो आहे, फोटोला हार आहे, खाली दिवाणजी बसले आहेत. तिघांपैकी हलतात ते दिवाणजी, तेही जेवायच्या सुट्टीत.

पहिले काही दिवस काहीही सुचवू नका. 'आपल्या इकडे असं नाही चालत बा' हे वाक्य तुम्ही तोंड उघडायच्या आधीच ऐकू येईल. खचू नका, नव्या माणसाची ओळख करून घ्यायची ती इथली रीत आहे. हंगामही बघा. दिवाळीनंतर धान यायला लागलं की होळीपर्यंत शेठजींच्या डोक्यात भरडाईची मुदत, बारदाना आणि गोदामापुढे ताटकळलेले ट्रक, एवढंच असतं. कल्पना मांडायची ती पावसाळ्यात. तेव्हा हमाल रोवणीला गेलेले असतात, मिल थंड असते आणि शेठजींना बोलायला माणूस हवा असतो.

आता मिस्त्री. मिलचा खरा मालक तोच. धानात ओल किती, हे तो दाणा दाढेखाली धरून सांगतो. 'कट्ट' आवाज आला तर भरडायला तयार, दाणा दबला तर अजून उन्हात. तुमच्या खिशात मात्र ओलावा मोजायचं मीटर आहे. तुम्हाला ठाऊक आहे की सरकारी खरेदी केंद्रावर 17 टक्क्यांपर्यंतचं धान घेतात, पण भरडायला 14च्या आसपासचं बरं. ओल जास्त राहिली किंवा धान फार वाळलं, तर तांदूळ कमी आणि कणी जास्त पडते. सगळं खरं आहे. तरी मीटर खिशातच राहू द्या.

आधी दाणा मिस्त्रीकाकांना चावू द्या. त्यांनी निकाल दिला की मगच मीटर काढा. आकडा जुळला तर म्हणा, "काका, मशीन पास झाली." नाही जुळला तर सेल उतरलाय म्हणा. असं महिनाभर करा. मग एका सकाळी काका स्वतःच हाक मारतील : "आणा जी तुमची ती डब्बी, माझी दाढ दुखून राहिली." त्या दिवशी तुमची मिल आधुनिक झाली. कुणाला सांगू नका.

वरून आलेली नवलाई किती सुखात नांदते हेही पाहून ठेवा. रेशनच्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात पोषक दाणे मिसळायचे ठरले, तेव्हा मिसळायची यंत्रं बसलीच. आजोबांच्या फोटोला कुणी विचारलं नाही. तुमच्याकडे जी.आर. नाही, म्हणून तुम्हाला दाढेपासून सुरुवात.

मुख्य धडा हिशेबाचा आहे. सरकारी भरडाईत क्विंटलभर धानामागे 67 किलो तांदूळ परत द्यायचा. त्या 67 किलोंना हात लावू नका. त्यांच्यावर शेठजी, दिवाणजी आणि गोदामाचे साहेब अशा सगळ्यांची नजर असते. उरले 33. तूस, कोंडा, कणी. त्यातलं वीसेक किलो नुसतं तूस. मिलच्या मागे ढीग पडतो, वारा सुटला की शेजारचे भांडायला येतात. त्या ढिगावर कुणाची सही नसते. तुम्ही तिथे काहीही करा : तुसाच्या जळाऊ कांड्या पाडा, राख विका, कोंड्याला तेलवाल्यांकडून बरा भाव आणा. फसलात तर कचराच फसला.

हे मी मनाचं सांगत नाही. किर्लोस्करवाडीचा कारखाना नांगर आणि चरक काढायचा. तिथे शंकरराव किर्लोस्करांनी 1920 साली 'किर्लोस्कर खबर' काढलं, कारखान्याचं बातमीपत्र म्हणून. त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, 1930 साली 'स्त्री' आलं, 1934 साली 'मनोहर'. नांगराच्या कारखान्यात मासिक म्हणजे 33 किलोंतलंच काम.

आणि आपल्या झाडीपट्टीतले दादाजी खोब्रागडे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे, शाळा तिसरीपर्यंत, दीड एकर जमीन. 1983 साली 'पटेल-3' धानात त्यांना काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. दुसरा कुणी असता तर भेसळ म्हणून उपटल्या असत्या. यांनी बी जपलं, पुन्हापुन्हा लावलं आणि बारीक दाण्याचं वाण हाती आलं. त्याला नाव पडलं तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं, एचएमटी. नवख्यांनो, हे लिहून घ्या : नवी वस्तू बाजारात न्यायची तर नाव असं हवं की गिऱ्हाइकाला तिची आधीच ओळख वाटावी. पुढे कृषी विद्यापीठाने 1998 साली 'पीकेव्ही-एचएमटी' प्रसारित केलं आणि श्रेयाचा वाद दादाजी 2018 साली जाईपर्यंत मिटला नाही. मधल्या काळात दादाजींनी आणखी वाणं काढली, त्यातल्या एकाचं नाव डीआरके. दादाजी रामाजी खोब्रागडे. उशिरा का होईना, आद्याक्षरं बियाण्यातच पेरली.

तुमची आद्याक्षरं तुसाच्या कांडीवर उमटणार नाहीत. एक दिवस गोंदियाचे पाहुणे येतील आणि मिलच्या मागे उभे राहून शेठजी सांगतील, "हे आमच्या आजोबांच्याच डोक्यात होतं." मान डोलवा. फोटोतले आजोबाही काही बोलणार नाहीत. चहा पुढे करा आणि पगारवाढीचा विषय तिथेच काढा. पाहुण्यांसमोर शेठजी नाही म्हणत नाहीत.