रबर आधी, रुबाब नंतर

गाडी जरा जोरकस असली, टर्बो पेट्रोल वगैरे, की शोरूममधून बाहेर पडून आठवडा होत नाही तोच मालकाला एक प्रश्न छळू लागतो. कंपनीचे टायर ठेवू की काढू?

मित्र म्हणतात, काढ. सासरे म्हणतात, कोऱ्या गाडीचे कोरे टायर काढतोस, पैसे वर आलेत का? मालक दोघांचं ऐकतो आणि शेवटी टायरवाल्याच्या दारात उभा राहतो. म्हणजे ज्याला विकायचंय, त्यालाच विचारतो.

आधी हे बघू की कंपनीचा टायर निवडतं कोण. अर्थात कंपनी. तिला तो स्वस्त हवा, आवाज न करणारा हवा, हजारोंच्या संख्येने वेळेवर पोचणारा हवा आणि कमी पेट्रोल खाणारा हवा. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे. त्या नावाने जो मायलेजचा आकडा जाहिरातीत झळकतो, त्यात टायरचाही वाटा असतो. आता आठवा, शोरूममध्ये आपला पहिला प्रश्न कोणता असतो? ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ कंपनीने मग टायरही अ‍ॅव्हरेज बघूनच निवडला, तर तक्रार कोणाकडे करायची?

सहज घरंगळणारा टायर पेट्रोल वाचवतो. ओला रस्ता धरून ठेवणारा टायर माणसं वाचवतो. दोन्ही गुण एकाच रबरात आणता येतात, त्यात सिलिका घालतात ती त्यासाठीच. पण त्याला पैसे पडतात आणि कंपनी पैसे वाचवते ते गिऱ्हाइकाची नजर जात नाही तिथे. सनरूफकडे सगळे बघतात. टायरकडे पंक्चर झाल्यावर.

महागड्या जर्मन गाड्यांची गोष्ट वेगळी. पोर्शच्या टायरवर ‘एन’ची खूण असते, मर्सिडीजच्या टायरवर ‘एमओ’, बीएमडब्ल्यूच्या टायरवर छोटा तारा. तो टायर त्या गाडीसाठी घडवून, तपासून घेतलेला असतो. तिथे नाक्यावरच्या सल्ल्याने काही बदलू नये. पंधरा-वीस लाखांच्या गाडीच्या नशिबी एवढा लाड नाही.

चाकणला बनणारी फोक्सवॅगनची व्हर्टस घ्या. दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर. टायर २०५/५५ आर १६. एवढं बळ रस्त्यावर उतरतं ते पुढच्या दोन टायरखालच्या तळहाताएवढ्या दोन तुकड्यांतून. ब्रेक लागतो तो असल्याच चार तुकड्यांवर. मालक पहिला खर्च कशावर करतो? एक्झॉस्टवर. गाडी ओरडायला शिकते, थांबायचं तसंच राहतं.

दुसरा खर्च मोठ्या अलॉयवर.

इथे जरा थांबू, कारण खरा घोळ इथेच आहे. २०५/५५ याचा अर्थ टायरची रुंदी २०५ मिलिमीटर आणि साइडवॉलची उंची त्याच्या ५५ टक्के. हिशेब करा, ११३ मिलिमीटर येतात. रिम सोळाचं अठरा केलं आणि २२५/४० चढवला, की चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, पण साइडवॉल उरते ९० मिलिमीटर. रिम आणि खड्डा यांच्यामधलं २३ मिलिमीटर रबर गेलं. कशासाठी? मागून फोटो चांगला यावा म्हणून.

आणि हे कुठल्या रस्त्यावर? मुंबई-गोवा महामार्गावर! ज्या रस्त्याची तारीख-पे-तारीख ऐकत कोकणातली एक पिढी मोठी झाली, तिथे पातळ साइडवॉलची गाडी न्यायची. पहिल्याच पावसाळ्यात साइडवॉलला फुगा येतो. फुगा म्हणजे आतले धागे तुटले. त्यावर पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, कुणाकडेच नाही. अख्खा टायर फेकावा लागतो, आणि रिम वाकलं असेल तर तेही.

‘पण रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप ना?’ कोरड्या रस्त्यावर, बऱ्याच अंशी हो. पाण्यात तोच रुंद टायर लवकर तरंगतो. त्याला खाली जास्त पाणी बाजूला सारायचं असतं, आणि खाचांना ते जमलं नाही की टायर आणि डांबर यांच्यात पाण्याचा थर येतो. स्टिअरिंग हलकं लागतं. ब्रेक दाबला तरी काही होत नाही. जुलैत ताम्हिणी घाट उतरताना हा धडा मिळणं फार महाग.

मोठं चाक घेऊन व्यासही वाढवला, तर आणखी एक भानगड. १८५/६० आर १५ काढून १९५/५५ आर १६ बसवला की चाकाचा व्यास तीन टक्क्यांच्या आसपास वाढतो. स्पीडोमीटरचा काटा आधीपेक्षा तेवढाच मागे पडतो. चलान मात्र रस्त्यावरचा कॅमेरा काढतो, तुमच्या काट्याला विचारून नाही.

वॉरंटी? विमा? गाडीत केलेला बदल कळवलेला नसेल, तर दाव्याच्या वेळी सर्व्हेअर तो बरोबर शोधून काढतो. ज्या दुकानदाराने ‘काही होत नाही साहेब’ म्हटलं होतं, तो त्या दिवशी फोन उचलत नाही.

तर मग कंपनीचेच टायर झिजेपर्यंत चालवायचे? तसंही नाही.

युरोपात २०१२पासून टायरला लेबल लागतं, ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी त्यावर छापलेली असते. त्या पहिल्या लेबलचा हिशेब असा होता, की ताशी ८० किलोमीटरवरून ब्रेक मारला तर सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या श्रेणीच्या टायरमध्ये थांबण्याच्या अंतराचा फरक १८ मीटरपर्यंत जाऊ शकतो. अठरा मीटर म्हणजे चार गाड्यांची लांबी. आपल्याकडे गिऱ्हाईक दुकानात विचारतं काय? ‘किती किलोमीटर चालेल?’ किती मीटरमध्ये थांबेल, हे कोणी विचारत नाही.

विचारायला हवं. गाडी जितकी जोरात पळते, तितकं आधी विचारायला हवं.

कायदा सांगतो, खाच १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. खाचेत तळाशी रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की संपलं. कोऱ्या टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर असते. पण १.६ ही शेवटची रेषा झाली. पाणी फेकायची ताकद त्याच्या बरीच आधी जाते, म्हणून तीनच्या आसपास आलेला टायर मी जूनमध्ये गाडीवर ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका. समृद्धी महामार्गावर आरटीओने गुळगुळीत टायरच्या गाड्या अडवायला सुरुवात केली, तेव्हा लोक वैतागले. टोल भरलेला चालतो, टायर तपासलेला चालत नाही!

समृद्धीवर वेगाची मर्यादा ताशी १२०. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात १००. टायरवरचं ‘व्ही’ हे अक्षर ताशी २४० किलोमीटरपर्यंतची हमी देतं, ‘एच’ २१०ची. म्हणजे साध्या टायरचीही वेगमर्यादा आपल्या रस्त्यांपेक्षा कितीतरी वर आहे. मग टायर फुटतात कसे? हवा कमी असते म्हणून. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, दबतो तसा तापतो. त्यात वर विदर्भाचा मे महिना आणि खाली तासन्‌तास सरळ काँक्रीट. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेचा आकडा चिकटवलेला असतो. सकाळी गाडी थंड असताना तेवढी हवा भरायला पैसे लागत नाहीत. कदाचित म्हणूनच कोणी भरत नाही.

आणि नायट्रोजन? साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पुढचा मुद्दा.

टायर घ्यायला गेलात, तर ब्रँडवर वाद घालायच्या आधी खाली वाका. साइडवॉलवर लांबोळ्या चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरचे आकडे वाचा, एकाचा वाचून समाधान मानू नका. जून २०२०मध्ये केंद्राने नव्या टायरच्या आयातीला परवान्याची अट घातली, आणि हौशी मंडळींच्या आवडीचे बरेच परदेशी साइज दुर्मीळ झाले. अशा वेळी ‘शेवटचा सेट उरलाय’ असं कोणी कानात सांगितलं, की आधी विचारा, केव्हापासून उरलाय?

बिलही बघा. २२ सप्टेंबर २०२५पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. कराआधी दहा हजारांचा टायर पूर्वी १२,८००ला पडायचा, आता ११,८००ला पडतो. चार टायरचे चार हजार वाचले. ते अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि नव्या व्हॉल्व्हवर घाला. टायर नवा आणि व्हॉल्व्ह जुना, ही बचत हायवेवर उघडी पडते.

दोनच बदलायचे असतील तर नवे मागे बसवा. हो, मागे, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी. पावसात पुढचं चाक घसरलं तर गाडी वळायचं नाकारते, पाय उचलला की बहुतेक वेळा सावरते. मागचं घसरलं तर गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणारे ड्रायव्हर आपल्यात फार थोडे. दहापैकी नऊ दुकानांत तरीही नवे पुढेच चढवायला निघतील. ठाम राहा.

नवे टायर चढवले म्हणून लगेच घाटात वळणं मारायला जाऊ नका. पहिले शे-दोनशे किलोमीटर कोऱ्या टायरचा पृष्ठभाग निसरडा असतो, त्याला रुळू द्या. आणि ज्यांना टायरचा खरोखर कस बघायचाय, त्यांच्यासाठी कोइम्बतूर, चेन्नई आणि ग्रेटर नोएडाला ट्रॅक आहेत. खंडाळ्याचा घाट रविवारी सकाळीही सगळ्यांचाच असतो. तिथे समोरून एसटी येते.

आता निकाल. शोरूममधून निघालेली कोरी गाडी थेट टायरवाल्याकडे नेण्याची गरज बहुतेकांना नाही. तुमचे कोरे टायर तो पडत्या भावात घेईल, आणि तेच दुसऱ्याला ‘फक्त शोरूमपासून इथवर चाललेत’ म्हणून विकेल. एक पावसाळा काढा. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर एबीएस वारंवार थरथरत असेल, सिग्नलला निघताना पुढची चाकं जागेवर फिरत असतील, तर टायर गाडीला पुरा पडत नाही. मग झिजायची वाट बघत बसू नका, बदला. पण साइज कंपनीचाच ठेवा, भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आणि वेगाचं अक्षर कंपनीइतकं किंवा त्याहून वरचं घ्या, आणि ओल्या पकडीत परवडेल तेवढा चांगला टायर निवडा. एक्झॉस्ट, स्पॉयलर, अठरा इंची अलॉय यांचे पैसे आधी इथे लावा. तो दोन-चार हजार किलोमीटर कमी चालेल. चालू द्या.

गाडी वर्षाला पाच हजारसुद्धा चालत नसेल, बेसमेंटमध्ये कव्हर घालून ठेवली असेल, तर नक्षी बघून खूश होऊ नका. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, आणि साइडवॉलवर बारीक भेगा दिसल्या तर नक्षी कितीही खोल असली तरी टायर काढा.

आणि हो, मे संपायच्या आत डिकी उघडून स्टेपनीवरचे चार आकडेही वाचा. हवा त्यातही भरावी लागते.