फेअरपोर्टचे वृत्तांतकार

आमच्या बॅनबरीच्या गल्लीत कोपऱ्यावरच्या घरात एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांचं नाव इथे देत नाही. अशा माणसांना या भागात तोटा नाही, आणि त्यातल्या प्रत्येकाला हा लेख आपल्यावरच आहे असं वाटेल. मनातल्या मनात मी त्यांना वृत्तांतकार म्हणतो. आपल्याकडे घराण्याचा कुळवृत्तांत छापणारे एखादे आजोबा असतात ना, कोण कुठून आलं, कोणती शाखा कुठे फुटली, कोण निपुत्रिक वारलं हे चहाच्या कपाबरोबर सांगणारे, तसेच हे. फरक एवढाच की यांचं कुळ म्हणजे फेअरपोर्ट कन्व्हेन्शन. इंग्लंडची जुनी लोकगीतं इलेक्ट्रिक गिटारवर आणि ड्रमवर चढवणारा हा बँड 1967 पासून चालू आहे, आणि त्यात कोण होतं यापेक्षा कोण नव्हतं हे सांगणं सोपं, असं ते स्वतःच म्हणतात. म्हणतात, आणि मग होते त्यांची यादी सांगायला बसतात.

मूळपुरुषापासून सुरुवात. लंडनच्या मझवेल हिलवर सायमन निकोलच्या घरी तालमी व्हायच्या. घराचं नाव फेअरपोर्ट, तेच बँडला चिकटलं. मे 1967 मध्ये गोल्डर्स ग्रीनच्या चर्च हॉलमध्ये पहिला कार्यक्रम झाला. ड्रमवर शॉन फ्रेटर होता. समोर श्रोत्यांत मार्टिन लॅम्बल नावाचा पोरगा बसला होता. याच्यापेक्षा मी बरा वाजवतो, असं त्याला वाटलं, तसं त्याने जाऊन सांगितलं, आणि फ्रेटरची कारकीर्द तिथेच आटोपली. ही गोष्ट सांगताना वृत्तांतकार फ्रेटरची बाजू घेतात. "एकाच कार्यक्रमाचा असला म्हणून काय झालं? सभासद तो सभासद." पहिली गायिका जूडी डाइबल. बाकीच्यांची लांबलचक वादनं चालू असताना ती स्टेजवर बसून विणकाम करायची. हे सांगताना ते हवेत दोन सुया चालवून दाखवतात. टाके बरोबर पडतात की नाही ते त्यांच्या पत्नी सांगू शकतील, पण त्या सहसा तेवढ्यात स्वयंपाकघरात गेलेल्या असतात.

घरातला काळही याच पंचांगावर चालतो. लग्न कधी झालं? 'रोझी' आणि 'नाइन' या अल्बमांच्या मध्ये. म्हणजे 1973. थोरली मुलगी गायिका सँडी डेनी बँडमध्ये परत आली होती त्या काळातली. छपराची कौलं बदलली ती मार्टिन ऑलकॉक बँडमध्ये असताना. एकदा विम्याच्या माणसाने फोनवर तारीख विचारली तर हे म्हणाले, "मॅटॅक्स शेवटचा गेला त्याच्या आदल्या वर्षी." शेवटचा म्हणावं लागतं, कारण ड्रमर डेव्ह मॅटॅक्स गेला, आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. पुढे पत्नीने फोन हातात घेतला म्हणून विमा वाचला.

मी या गृहस्थांना एवढंच विचारलं होतं की नवख्या माणसाने सुरुवात कुठल्या अल्बमपासून करावी.

"लीज अँड लीफ," ते ताबडतोब म्हणाले. डिसेंबर 1969. ॲशली हचिंग्ज सेसिल शार्प हाउसच्या ग्रंथालयातून जुनी गाणी शोधून आणत होता, डेव्ह स्वॉरब्रिकचं फिडल होतं, सँडीचा आवाज होता. बीबीसीच्या 2006 च्या लोकसंगीत पुरस्कारांत श्रोत्यांनी हा आजवरचा सर्वांत प्रभावी लोकसंगीताचा अल्बम ठरवला. मी रेकॉर्डकडे हात केला, तेव्हा त्यांनी ती छातीशी धरली. "पण त्याआधी 'अनहाफब्रिकिंग' ऐकलं पाहिजे, नाहीतर स्वॉरब्रिक कुठून उगवला हे कळणार कसं?" 'अनहाफब्रिकिंग'च्या कव्हरवर सँडीचे आईवडील विंबल्डनच्या घराबाहेर उभे आहेत आणि मागच्या कुंपणाच्या फटींतून बँड दिसतो. वृत्तांतकारांनी भिंग आणून कोणत्या फटीत कोण आहे ते दाखवलं. त्यातल्या डिलनच्या फ्रेंचमधल्या गाण्यात खुर्च्यांची चळत कोसळल्याचा आवाज येतो, तो दोनदा ऐकवला. लॅम्बल त्या खुर्च्यांवर ठेका धरत होता. मग म्हणाले, हे कळायला 'व्हॉट वी डिड ऑन अवर हॉलिडेज' हवा. आणि त्यासाठी 1968 चा पहिला अल्बम, ज्यात सँडी नाहीच. रात्री मी घरी आलो तो हातात सँडी नसलेला अल्बम घेऊन.

गाणं लागलं की त्यात कोण नाही हे ते आधी सांगतात, ही त्यांची खरी खोड. 'फुल हाउस' लावलं की म्हणणार, इथे गायिका नाही. 'एंजल डिलाइट' लावलं की गिटारवादक रिचर्ड थॉम्प्सन नाही. या खोडीशी माझं कधी भांडण होत नाही, कारण 'लीज अँड लीफ'च्या बाबतीत ते जे सांगतात त्यावर बोलण्यासारखं काही नसतं. 12 मे 1969 ला बर्मिंगहॅमहून परतताना एम-वन महामार्गावर बँडची व्हॅन उलटली. लॅम्बल गेला, थॉम्प्सनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन गेली. लॅम्बल एकोणीस वर्षांचा होता. बँड संपवायचा की नाही यावर विचार करून उरलेल्यांनी हॅम्पशायरमध्ये एक घर भाड्याने घेतलं आणि त्या उन्हाळ्यात हा अल्बम घडवला. एवढं सांगून वृत्तांतकार सुई ठेवतात, आणि ते गाणं मात्र संपेपर्यंत बोलत नाहीत.

पुढच्याला सुरुवात झाली की पुन्हा चालू.

दर ऑगस्टला ते जवळच्या क्रॉप्रेडीच्या शेतात खुर्ची घेऊन जातात. 4 ऑगस्ट 1979 ला बँडने तिथेच निरोपाचा कार्यक्रम केला होता. बँडने उरलेले अल्बम करू नयेत म्हणून रेकॉर्ड कंपनीने पैसे मोजले होते, हे वृत्तांतकार अभिमानाने सांगतात. पण निरोप घेतलेल्या मंडळींना पुढच्या वर्षी पुन्हा भेटावंसं वाटलं, आणि कोरोनाची दोन वर्षं सोडली तर ती भेट जवळजवळ दरसाल होत आली आहे. त्या गर्दीत पंथ आहेत. काही 'लीज अँड लीफ'वाले, काही 'फुल हाउस'वाले. ऑलकॉकच्या काळात आलेले तिसरे, त्यांना इतर दोघे पोरं समजतात, जरी त्यांचीही आता टक्कलं पडली आहेत. वाद ठरलेला: डिसेंबर 1971 ला निकोलही गेला आणि तो 1976 ला परत येईपर्यंत मूळचा एकही माणूस बँडमध्ये नव्हता, तर मग तो बँड फेअरपोर्ट होता का? वृत्तांतकारांचं उत्तर एकच. "स्वॉरब्रिक होता ना!" स्वॉरब्रिकवर त्यांची भक्ती आहे. 1999 मध्ये एका मोठ्या वर्तमानपत्राने तो जिवंत असतानाच मृत्युलेख छापला, तेव्हा त्याने त्याच्या प्रती काढून सही करून कार्यक्रमांत विकल्या. यांच्याकडे एक आहे, फ्रेम केलेली. ती जिन्यात लावली आहे, कारण बैठकीत पत्नीने हरकत घेतली.

क्रॉप्रेडी गावातल्या ब्रेझनोज आर्म्स पबमध्येही ते पाहुण्यांना हमखास नेतात. 'नाइन'च्या कव्हरवर हाच पब आहे. बाहेर नेऊन तुम्हाला ठरावीक जागी उभं करतात, हळूच खांदा वळवतात, फोटो काढतात आणि मगच बिअर मिळते.

पत्नीचा आवडता अल्बम विचारायचा राहिलाच होता. तो मी विचारला, ते मागच्या बागेत होते तेव्हा. 'रायझिंग फॉर द मून', 1975. का? "गाणी छान आहेत," त्या म्हणाल्या. फेअरपोर्टबद्दल कुणी गाणी छान आहेत असं म्हटलेलं मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी तो लावला. दुसरं गाणं चालू असताना वृत्तांतकार चिखलाच्या बुटांनी दारात येऊन उभे राहिले. "हा खरा फेअरपोर्ट नव्हेच. सँडी, ट्रेव्हर लुकस आणि जेरी डॉनह्यू, तिघंही फॉदरिंगे बँडचे. आणि ड्रमर मध्येच बदललाय, मॅटॅक्स सोडून गेला, पुढचं ब्रूस रोलंडने—"

बाईंनी आवाज वाढवला आणि बूट काढायला सांगितलं.