कोपराला लागलेला गूळ

माझा मेहुणा कॅनडात असतो. तिथे तळ्यांवरचा बर्फ वितळला की हा मासेमारीचा परवाना काढतो, बास नाहीतर पाइक मासा पकडतो, त्याला कुशीत घेऊन फोटो काढतो आणि परत पाण्यात सोडतो. चैत्रात डोंबिवलीला आला आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "दाजी, इथं बास कुठे मिळेल?"

पाइक आपल्याकडे नाही. बास म्हणाल तर आपला जिताडा आहे. इंग्रजीत त्याला आशियाई सीबास म्हणतात. तिवरांच्या मुळांशी दबा धरून बसणारा हा खाडीचा मासा. आणि खाडी तर एका स्टेशनावर, कोपरला!

भरतीची वेळ काढायला मी कालनिर्णय उघडलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी होती, म्हणजे आठाची पाऊणपट सहा. पहाटे सव्वापाचला आम्ही पाच-पाच रुपयांची तिकिटं आणि चार तुकड्यांचा विलायती गळ घेऊन लोकलमध्ये घुसलो. घुसणं जमलं, कोपरला उतरणं जमलं नाही. गर्दीनं आम्हांला थेट दिव्याला नेऊन उतरवलं. दिव्याखाली अंधारच होता. उलट्या गाडीनं कोपरला आलो, रिक्षा केली आणि खाडी गाठली, तर समोर नुसता चिखल!

चिखलात एक आगरी आजी निवट्या वेचत होत्या. मी त्यांना पाऊणपटीचा हिशेब सांगितला. त्या हसल्या. तो हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा. पाणी खाडीतून इथवर चढायला आणखी वेळ लागतो. शिवाय अष्टमीचा भांग, म्हणजे भरती आली तरी मरतुकडीच. उधाण पुनवेला नाहीतर अवसेला.

मेहुण्यानं तरी रबरी मासोळी फेकली. ती तिवरात अडकली. दुसरी प्लास्टिकच्या पिशवीत. पाणी चढल्यावर आजींनीच कणकेची गोळी लावायला सांगितली आणि तळहाताएवढी चिलापी लागली. ही मूळची आफ्रिकेतली, 1952 साली भारतात आणलेली. परदेशातून आलेल्या पाहुण्याला परदेशातूनच आलेला मासा भेटला.

मेहुण्यानं फोटो काढला आणि सवयीनं ती पाण्यात सोडली.

आजी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सोरायचीच व्हती त मंग पकरली कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर कॅनडाच्या परवान्यावर छापलेलं नसावं. तो गप्प झाला. जिताडा मात्र आमच्या कोपराला लागलेला गूळ. दिसला नाही आणि चाटताही आला नाही.

तुम्ही जाणार असाल तर पुनव-अवस पाहून जा, पाऊणपटीत खाडीचा वेळ मिळवा आणि गर्दीची लोकल टाळा. ती कोपरला थांबते, तुम्हांला उतरू देईलच असं नाही.