बाई, नळातून

बी.एड.च्या वर्गात पहिल्यांदा डोकावणाऱ्याला आपण चुकून एखाद्या नाटकाच्या तालमीला आलो आहोत असं वाटण्याचा संभव आहे. फळ्याजवळ, साडीची सवय नसलेली एक तरुणी पदर सावरत उभी असते आणि समोर तिच्याच वयाचे सात-आठ जण, कुणी मिशा राखलेले, कुणी नव्या मंगळसूत्रातले, हाताची घडी घालून ‘पाचवी ब’ होऊन बसलेले असतात. “झाडाला पाणी कुठून मिळतं?” ती विचारते. बाकावरच्या एकीचं वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेलं असतं, मुळांपासून पानांतल्या रंध्रांपर्यंत पाण्याचा सगळा प्रवास तिला मुखोद्गत असतो. ती हात वर करते, उभी राहते आणि निरागसपणे सांगते, “बाई, नळातून.”

याला सूक्ष्म अध्यापन म्हणतात. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. आपल्याकडे आल्यावर तिचं ३६ मिनिटांचं चक्र ठरून गेलं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं त्यावर ऐकून घ्यायचं, बारा मिनिटांत पाठ नव्यानं बांधायचा, मग पुन्हा सहा मिनिटं शिकवायचं आणि पुन्हा सहा मिनिटं ऐकून घ्यायचं. एका वेळी एकच कौशल्य. चेतक बदलाच्या दिवशी वर्गभर फिरायचं आणि आवाज चढवायचा-उतरवायचा. प्रबलनाच्या दिवशी ‘छान’, ‘शाब्बास’ म्हणायचं आणि मागे बसलेल्या निरीक्षकानं प्रत्येक ‘छान’साठी कागदावर एक रेघ ओढायची. कौतुक मोजून मिळतं हे संसारात पडलेल्या कुणालाही ठाऊक असतं. ते मोजून द्यायचं असतं, आणि त्याला गुण असतात, हे मला तिथे कळलं.

पण मला खरी मौज वाटते ती त्या ‘नळातून’ची. त्या उत्तरात अज्ञान नावालाही नव्हतं. होती ती दया. फळ्याजवळच्या मैत्रिणीचा त्या दिवशी प्रश्न कौशल्याचा पाठ होता. पहिल्याच फटक्यात अचूक उत्तर आलं असतं तर पुढचे उपप्रश्न विचारायला तिला जागाच उरली नसती. कुणीतरी चुकणं भाग होतं, आणि जिला सगळं येत होतं तिनंच ते काम अंगावर घेतलं. कारण नेमकं कुठे चुकायचं हे तिलाच ठाऊक होतं.

अशा या अभ्यासक्रमाकडे माणसं वळतात तरी कशी? बहुतेक जण वळत नाहीत, वळवले जातात. “पुढचं पुढे बघू, बी.एड. करून ठेव,” असं घरातली मोठी माणसं सांगतात, पावसाळ्याआधी सांडगे-पापड करून ठेवावेत त्या चालीवर. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारलं गेलं, शिक्षकच का व्हायचंय? समाज, संस्कार, उद्याची पिढी असे शब्द बाकावरून बाकावर सरकत असताना एक मुलगा उठला आणि म्हणाला, “मे महिना.” प्राध्यापकांसकट सगळे क्षणभर गप्प झाले, इतका खरा माणूस शाळेत कसा टिकणार, अशी काळजी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होती. (तो टिकला. मुलांचा लाडका आहे आणि मे महिन्यात त्याला करमत नाही.)

माझं कारण त्या दिवशी मला सांगता आलं नसतं. माझे आजोबा व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन प्राथमिक शाळेत मास्तर झालेले. त्या काळी नुसती ‘फायनल’ एवढंच म्हणत, आणि गावात त्या शब्दाला वजन होतं. जन्मभर त्यांनी पोरांकडून त्रैराशिकं सोडवून घेतली आणि निवृत्तीनंतर त्यांना दूधवाल्याचा हिशेब जुळेनासा झाला. महिनाअखेर ते ओसरीवर वही उघडून बसत, कपाळाला आठ्या घालत आणि मला हाक मारत, “जरा बघ गं, हे काही जमेना.” मी बेरीज करून दिली की त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव येई. “बरं झालं तू होतीस.” आतून आजी म्हणे, “अहो, सकाळीच तर जुळवला होतात!” आजोबांना तेवढ्यापुरतं ऐकू येत नसे. अशा भाबड्या लबाडीला आमच्या अभ्यासक्रमात कोणत्या कौशल्याखाली घातलं असतं, हा विचार मी पुढे पाठाची वही लिहिताना पुष्कळदा केला.

ती पाठाची वही म्हणजे मराठी गद्याचा एक दुर्लक्षित प्रकार आहे. हर्बार्ट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ १८४१ मध्ये वारला. त्याच्या अनुयायांनी घालून दिलेल्या पाठाच्या पंचपदीवरून आम्ही इकडे पावलं टाकत होतो. सप्तपदीपेक्षा दोन पावलं कमी, बंधन मात्र तितकंच. टाचणाच्या एका रकान्यात शिक्षक काय विचारणार ते लिहायचं, शेजारच्या रकान्यात विद्यार्थी काय उत्तर देणार तेही आपणच लिहायचं. कवितेच्या पाठात उद्दिष्टांखाली ठाम वर्तमानकाळात वाक्य असे: ‘विद्यार्थी कवितेतील सौंदर्याचा आस्वाद घेतो.’ आदल्या रात्री, वसतिगृहातल्या डासांच्या साक्षीनं, मी एका अजून न भेटलेल्या मुलाला आस्वाद घ्यायला लावत असे.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी सराव पाठाच्या शाळेत प्रत्यक्ष भेटे. शहरातल्या अशा शाळांमधली मुलं दरवर्षी छात्राध्यापकांची नवी तुकडी पाहून तयार झालेली असतात. काखेत तक्त्याची गुंडाळी, हातात रंगीत खडूंची पेटी आणि मागच्या बाकावर वही उघडून बसलेले प्राध्यापक, एवढं दिसलं की आज कुणाची परीक्षा आहे हे त्यांना बरोबर समजतं. माझी एक मैत्रीण धडधडत्या छातीनं हेतुकथनाकडे, म्हणजे आज काय शिकायचं ते सांगण्याकडे, निघाली होती. “आकाशात काळे ढग आले की काय होतं?” पुढच्या बाकावरचा मुलगा उत्तर देणार एवढ्यात शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं. गुंडाळीतून पावसाचं चित्र अर्धं बाहेर आलं होतं, पाठ पावसाचा आहे हे सगळ्या वर्गाला दिसत होतं. तरी तिसऱ्या प्रश्नापर्यंत कुणी ‘पाऊस’ हा शब्द उच्चारला नाही. मग योग्य वेळी सगळा वर्ग एका सुरात “पाऊस!” म्हणाला आणि एका मुलीनं हळूच सांगितलं, “मॅडम, फळ्यावर तारीख राहिली. मार्क कापतात.” मैत्रिणीला त्या पाठात उत्तम शेरा मिळाला. त्यातले निम्मे गुण पाचवी ब चे होते, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आमच्या वेळी बी.एड. एका वर्षाचं होतं, २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. सोंग नीट वठायला वेळ लागतो हे कुणाच्या तरी ध्यानात आलं असावं. सावित्रीबाई फुल्यांनीसुद्धा अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे धडे घेतले होते. म्हणजे शिकवण्याआधी शिकणाऱ्याच्या बाकावर बसण्याची ही रीत आपल्याकडे चांगली जुनी आहे. पुढची वाट मात्र नवी आणि लांबत गेलेली: २०१३ पासून टीईटी ही पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर नाव येण्याची वाट पाहणं आणि नंतर तीन वर्षं शिक्षणसेवक. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं महिन्याचं मानधन २०२३ मध्ये ६,००० वरून १६,००० रुपये झालं. ५ सप्टेंबरला मिळणारा आदर निराळा. तो करमुक्त असतो. सहा हजारांवर संसार रेटणाऱ्या मास्तरला ‘राष्ट्राचा शिल्पकार’ म्हणताना आपल्याला जे ऐसपैस वाटतं, त्याचा एकदा तरी संकोच वाटायला हवा होता.

तरीही मुलं-मुली बी.एड.ला जातात, तक्ते रंगवतात आणि घरच्यांना पकडून पाठाची तालीम करतात. तुमच्या घरातलं कुणी उद्या हातात खडू घेऊन समोर उभं राहिलं आणि म्हणालं, “बाबा, तुम्ही पाचवीत आहात असं समजा,” तर वर्तमानपत्र बाजूला ठेवा. हाताची घडी घाला. आणि एवढं करा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर येत असलं तरी लगेच देऊ नका.