कुणाला घेऊन आलात?

पुरुषांच्या गप्पांना तसा विधिनिषेध नसतो. पित्त, मूळव्याध, साहेबाचं ब्लडप्रेशर, मेहुण्याचं कर्ज, सगळं चहाच्या टपरीवर उघडं पडतं. पण पंचविशीतल्या पोराला लघवीला उभं राहिल्यावर धार सुरू व्हायला वेळ लागतो, हे तो सख्ख्या मित्रालाही सांगत नाही. कारण तो म्हाताऱ्यांचा आजार. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांनी रात्री चारदा उठावं. तरुणाची धार कशी, भिंतीवर नाव लिहून यावी अशी हवी, असं आपलं शाळेपासूनचं मत. (शाळेत तशा स्पर्धाच व्हायच्या. आमच्या वर्गातला विजेता पुढे तहसीलदार झाला.)

माझ्या भाच्याने ही गोष्ट कित्येक महिने दाबून ठेवली होती. आत गेलेला पोरगा बाहेरच येईना, तेव्हा घरात बोभाटा झाला आणि निदानांचा पाऊस सुरू झाला. आजी म्हणाली, उन्हाळे लागलेत, धण्या-जिऱ्याचं पाणी द्या. ताई म्हणाली, हिंजवडीत दिवसभर खुर्चीला चिकटून बसतो, पाणी पीत नाही, आलेली लघवी मीटिंग संपेपर्यंत दाबून धरतो, आणखी काय होणार! त्याचा मित्र एवढंच म्हणाला, "टेन्शन."

टेन्शनला हसू नये. घाबरलं, बुजलं की शरीरातल्या ज्या नसा हृदयाची धडधड वाढवतात, त्याच मूत्राशयाचं तोंडही आवळून धरतात. मल्टिप्लेक्सच्या इंटरव्हलमध्ये मागे रांग लागलेली असते, डाव्या हाताचा माणूस फोनवर बोलत असतो, आणि आपण समोरच्या टाइल्सचा गंभीरपणे अभ्यास करत उभे असतो. काही जणांना तर सार्वजनिक मुतारीत काही केल्या होतच नाही. त्याला पॅरुरेसिस असं भारदस्त नाव आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या मुतारीत संशोधकांनी हे सेकंदांत मोजलं आणि 1976 मध्ये छापलं. आसपास कोणी नसेल तर सुरुवात व्हायला सरासरी 4.9 सेकंद लागायचे. अगदी लगतच्या भांड्यावर माणूस आला की 8.4. मोजणारा गृहस्थ शेजारच्या संडासात, पुस्तकांच्या चळतीत पेरिस्कोप लपवून बसला होता. संध्याकाळी घरी गेल्यावर 'आज काय केलंत?' या प्रश्नाला त्याने काय उत्तर दिलं असेल, या विचाराने मी अजून अस्वस्थ होतो.

शेवटी युरॉलॉजिस्टकडे गेलो. बाकावर सगळी सत्तरीची मंडळी, मांडीवर फायली, हातात पाण्याच्या बाटल्या. सोनोग्राफीसाठी प्रेशर आणायचं काम सुरू होतं. शेजारच्या आजोबांनी भाच्याकडे कौतुकाने बघितलं.

"कुणाला घेऊन आलात?"

"मामांना," भाचा म्हणाला. डोळ्याची पापणी न लवता.

पुढचा अर्धा तास मी रुग्ण होतो. गोखरूचा काढा कसा करायचा, संध्याकाळी सहानंतर चहा का घ्यायचा नाही, ऑपरेशनला घाबरायचं कसं नाही, सगळं मला तपशीलवार समजलं. भाचा शेजारी बसून "ऐका हो मामा, ऐका" म्हणत होता.

डॉक्टरांनी मात्र उन्हाळे, खुर्ची, टेन्शन यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. विचारलं ते भलतंच. सर्दीच्या गोळ्या घेतोस का? (नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्या मूत्राशयाचं तोंड आवळतात, ॲलर्जीच्या काही गोळ्या त्याचे स्नायू सुस्तावतात. नाक वाहायचं थांबतं, सोबत बाकीचंही.) जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं? प्रोस्टेटला सूज तरुणपणीही येते. शरीरसंबंधातून काही संसर्ग? इथे मी खिडकीबाहेर बघितलं. पोट साफ होतं का? कधी दवाखान्यात लघवीची नळी घातली होती? कंबर दुखून बैठकीची जागा बधिर होते का? तसं झालं, किंवा लघवी पारच तुंबली, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री यायचं, हे त्यांनी बोट रोखून सांगितलं.

मग युरोफ्लो. एका छोट्या खोलीत नरसाळं, खाली मशीन. सेकंदाला किती मिलिलिटर येतं त्याचा ते आलेख काढतं. आयुष्यात या कामाचे मार्क पहिल्यांदाच मिळणार होते. बाहेरून वॉर्डबॉय विचारत होता, "झालं का?" म्हणजे ते अमेरिकेतले 8.4 सेकंद आमच्याकडे पंधरा मिनिटांवर गेले. शेवटी वॉर्डबॉयला चहाला पाठवलं, तेव्हा जमलं.

निरोगी तरुणाचा आलेख झपकन चढतो, पंधरा-वीसच्या वर जातो आणि उतरतो. भाच्याचा आलेख थोडा चढला आणि पाचगणीच्या टेबललँडसारखा सपाटच चालत राहिला. डॉक्टरांनी कागद बघितला आणि विचारलं, "लहानपणी सायकलच्या दांडीवर आपटला होतास?"

भाचा गप्प. मग म्हणाला, "चौथीत. आजोबांच्या सायकलवर. थोडं रक्त आलं होतं." कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. सायकल न विचारता काढली होती.

तेवढ्याने मूत्रनलिकेला आत व्रण पडतो आणि तो वर्षानुवर्षं गुपचूप आवळत जातो. पोरगा बारावी होतो, इंजिनीअर होतो, कंपनीत लागतो, आणि नळी आपली बारीक होत असते. नळीत औषध सोडून एक्स-रे काढला, तेव्हा अरुंद जागा नेमकी दिसली. दुर्बिणीतून चीर देऊन ती मोकळी केली. पुन्हा आवळली तर गालाच्या आतलं अस्तर काढून तिथे लावतात, असं डॉक्टर म्हणाले. पुण्याच्याच डॉ. संजय कुलकर्णींच्या नावाने त्या शस्त्रक्रियेची एक पद्धत जगभर ओळखली जाते. भाच्याने तेव्हापासून गालाला फार जपायला सुरुवात केली आहे. पानसुद्धा खात नाही.

फेरतपासणीला आलेख व्यवस्थित डोंगरासारखा आला. बाहेर तेच आजोबा बसले होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "मग? सुटली का नीट?"

"एकदम फर्स्ट क्लास," भाचा म्हणाला, "पण काढा अजून चालू ठेवलाय त्यांचा."